विरोधक हाकलून दिलेले ज्ञानकोश

कोल्हापुरात इतिहासावरून डोकी भडकायला ग्रंथ लागत नाही, मोबाईलवरचं एक स्टेटस पुरतं. 7 जून 2023 ला शहराने ते बघितलं. औरंगजेबाचं उदात्तीकरण करणारी स्टेटस ठेवल्याच्या आरोपावरून बंदची हाक, छत्रपती शिवाजी महाराज चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार आणि पाठोपाठ इंटरनेट बंद. व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं. त्यात नेमकं काय होतं, कुणी कधी टाकलं, आधी काय होतं आणि नंतर काय बदललं, हे बघायची सोय त्यात मुळात नाहीच. मागे उरतात ते स्क्रीनशॉट, आणि ज्याच्या त्याच्या गटात फिरणारी ज्याची त्याची हकीकत.

वीस वर्षांपूर्वी जगभरातल्या जहाल मंडळींचा हिशेब वेगळा होता. त्यांना चोवीस तास टिकणारं काही नको होतं. त्यांना ज्ञानकोश हवा होता. 2006 पासून पुढची दहा-बारा वर्षं असे कोश एकामागून एक निघाले, गाजले आणि बहुतेक सगळे ओस पडले. अतिरेकी मतं लोकांना पटेनाशी झाली म्हणून ते पडले असं कुणी म्हणत असेल तर तो भाबडेपणा आहे. मतं तर उलट जोरात आहेत. कोश पडले ते कोश चालवायला जे लागतं तेच त्यांनी दारातून हाकलल्यामुळे.

पण आधी त्यांना कोशच का हवा होता, ते बघू. भाषण ऐकताना माणूस सावध असतो, समोरचा आपल्याला काहीतरी पटवतोय हे त्याला ठाऊक असतं. कोशात बघताना तो सावध नसतो, कारण तिथे तो जन्मसाल बघायला आलेला असतो. जन्मसाल बरोबर असलं की पुढचं वाक्यही बरोबर वाटतं. ही युक्ती इंटरनेटने शोधलेली नाही. जर्मनीत ‘मायर्स लेक्सिकॉन’ या नावाजलेल्या कोशाची आठवी आवृत्ती 1936 पासून नाझी विचाराने लिहून घेतली गेली. नाझी गणवेशाच्या रंगावरून लोक तिला ‘तपकिरी मायर’ म्हणायचे. 1942 पर्यंत काही खंड निघाले आणि आवृत्ती अर्धवटच राहिली. सोव्हिएत महाकोशाची गोष्ट तर जगजाहीर आहे. 1953 मध्ये स्टालिनचा गुप्तपोलीस-प्रमुख बेरिया पदभ्रष्ट झाला, त्याला गोळी घातली गेली, आणि मग पाचव्या खंडाच्या वर्गणीदारांना नवी पानं टपालाने आली. बेरियाची पानं कात्रीने किंवा पात्याने कापून काढा आणि त्या जागी ही चिकटवा, अशी सूचना सोबत होती. नव्या पानांवर बेरिंगच्या समुद्राचा मजकूर भरपूर वाढवलेला होता. वर्णानुक्रमात शेजारी असल्याचा एवढा फायदा दुसऱ्या कुठल्या समुद्राला झाला नसेल.

आपल्याकडचे कोशही काही मत नसलेल्या माणसांनी केले नाहीत. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे पहिले पाच प्रस्तावनाखंड वाचले तर पानापानावर केतकर भेटतात. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. मत आहे, आणि ते कुणाचं आहे हेही दिसतं. त्यामुळे वाचणारा आपलं आपण ठरवू शकतो. ज्यांच्याविषयी हे लिहितोय त्या कोशांनी हीच सही पुसायची धडपड केली.

ही धडपड सोपी झाली ती विकिपीडियामुळेच. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो ते फुकट आणि खुलं आहे. भाड्याचा सर्व्हर, पीएचपी, एक डेटाबेस आणि संध्याकाळभराची चिकाटी एवढ्यावर हुबेहूब विकिपीडियासारखं दिसणारं संकेतस्थळ उभं राहतं: डावीकडे बोधचिन्ह, वर ‘लेख’ आणि ‘चर्चा’ हे रकाने, उजवीकडे माहितीचौकट, तळाशी वर्ग. मजकूरही उचलता येतो, कारण विकिपीडियाचा परवाना मूळ लेखकांना श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे चालू ठेवून नक्कल करायची मोकळीक देतो. सगळ्या लेखांची एकत्र फाईल नियमितपणे बाहेर ठेवलेली असते. ती उतरवायची आणि आपल्या डेटाबेसात भरायची.

करून बघणाऱ्याला पहिला दणका इथेच बसतो. इंग्रजी विकिपीडियाची ती फाईल दाबून बसवलेल्या स्वरूपातही वीस जीबीच्या आसपास जाते, आणि साध्या पद्धतीने भरत बसलं तर दिवसच्या दिवस लागतात. भरून झाल्यावर लेख उघडावा तर माहितीचौकटीच्या जागी महिरपी कंसांचा कचरा. कारण चौकट हा साचा असतो, म्हणजे दुसऱ्या पानावरून ओढून आणलेला तयार ढाचा, साच्याच्या पोटात दुसरे साचे, त्यांच्या पोटात लुआ भाषेतली मॉड्यूलं, आणि त्यासाठी लागणारी विस्तारं तुमच्या सर्व्हरवर बसवलेली नसतात. चित्रंही दिसत नाहीत, ती कॉमन्स नावाच्या वेगळ्या कोठारात असतात. हे सगळं जुळवलं तरी एक गोष्ट जुळत नाही. फाईल ज्या दिवशी उतरवली त्या दिवशी तुमचा कोश थांबला. त्यानंतर मेलेली माणसं तुमच्याकडे जिवंत राहतात आणि पडलेली सरकारं खुर्चीवर.

मेटापीडियाने नक्कल करायच्या भानगडीत न पडता स्वतःचे लेख लिहिले. ऑक्टोबर 2006 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला हा गोऱ्या वंशवाद्यांचा कोश पुढे दहाहून जास्त भाषांत गेला. हंगेरियन आवृत्ती त्यात सर्वांत फोफावली. त्यांचं कसब समजून घ्यायचं तर लेखांमधली शिवीगाळ शोधू नये, ती फारशी सापडत नाही. कसब पहिल्या वाक्यात असतं. नाझी नेत्याच्या नोंदीत तो ‘राजकारणी, वक्ता आणि चित्रकार’ होतो. खून तिसऱ्या परिच्छेदात जातात आणि तिथे ‘आरोप’ बनतात. मग येतो ‘तथाकथित’. एकदा का ‘तथाकथित’ हा शब्द ठरावीक गोष्टींमागे नेमाने लावायचा ठरला की वेगळा युक्तिवाद करावाच लागत नाही. तळाचे वर्गही बघण्यासारखे असतात: एखादा शास्त्रज्ञ किंवा संपादक ‘ज्यू’ या वर्गात घातला की लेखात त्याबद्दल अवाक्षर नसलं तरी काम झालेलं असतं. आणि संदर्भ? ते भरपूर असतात. फक्त एकेक उघडून बघितला की पाच-सहा प्रकाशनांचं वर्तुळ दिसतं, ‘अ’ला ‘ब’चा दाखला आणि ‘ब’ला ‘अ’चा. या कोशाचा हेतू त्यांनी लपवला नव्हता. निवडणुकीच्या आधी भाषा बदलायची, शब्दांचे अर्थ आपल्या बाजूला ओढायचे, हे ते उघड सांगत.

मग तो पसरला का नाही? एक कारण अगदी रुक्ष आहे. कोश वाचायला कुणी कोशाच्या दारातून येत नाही, शोधयंत्रातून येतो. शोधयंत्रात विकिपीडिया पहिला. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल करून नकललेला आणि पातळ मजकूर खाली ढकलायला सुरुवात केली, तेव्हापासून नुसत्या नकलांवर जगणाऱ्यांचे दिवस कठीण झाले. स्वतः लिहावं तर माणसं हवीत. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेत शार्लट्सव्हिलला गोऱ्या वंशवाद्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसाचारानंतर नाव-नोंदणी आणि संरक्षण पुरवणाऱ्या कंपन्यांनी ‘डेली स्टॉर्मर’ या नाझी संकेतस्थळाला बाहेर काढलं. तेव्हा या सगळ्या जगाला कळलं की आपलं छप्पर भाड्याचं आहे.

माणसांचा प्रश्न कसा चिघळतो हे बघायचं तर कॉन्झर्व्हापीडियाइतका मासलेवाईक नमुना नाही. (त्याला मेटापीडियाच्या पंगतीत बसवणं अन्यायाचं होईल. तो नाझी नव्हे, कट्टर धार्मिक-पुराणमतवादी आहे. पण आजार तोच.) नोव्हेंबर 2006 मध्ये अमेरिकेत अँड्र्यू श्लाफ्ली या वकिलाने घरी शिकणाऱ्या मुलांच्या वर्गाला हाताशी धरून तो सुरू केला. तक्रार अशी की विकिपीडिया डावा, ख्रिस्तविरोधी आहे. तक्रारीत तथ्य किती हा मुद्दा सोडून देऊ. पुढच्याच वर्षी एका डॉक्टरने गर्भपात आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध जोडणारा मजकूर दुरुस्त करायला घेतला, तर त्याच्याच पात्रतेची उलटतपासणी सुरू झाली. तो आणि असे आणखी काही जण बाहेर पडले आणि त्यांनी 2007 मध्ये रॅशनलविकी काढला. त्याचा एक मुख्य उद्योग म्हणजे कॉन्झर्व्हापीडियावर पाळत ठेवणं.

2008 ची लेन्स्की-प्रकरणाची पत्रं तर मुळातूनच वाचावीत अशी आहेत. रिचर्ड लेन्स्की हे जीवशास्त्रज्ञ 1988 पासून ई. कोलाय जीवाणूंच्या बारा वसाहती वाढवत होते आणि दर पाचशे पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवत होते. तीस हजारांहून जास्त पिढ्यांनंतर एका वसाहतीतल्या जीवाणूंना ऑक्सिजन असतानाही सिट्रेट खाता येऊ लागलं. म्हणजे उत्क्रांती प्रयोगशाळेत घडताना दिसली. ती न मानणाऱ्या श्लाफ्लींनी पत्र लिहून मूळ ‘डेटा’ मागितला. पहिलं उत्तर सौम्य होतं: शोधनिबंध वाचा, त्यात आहे. दुसऱ्यांदा तीच मागणी आल्यावर लेन्स्कींनी सविस्तर लिहिलं की खरा पुरावा म्हणजे ते जीवाणूच आहेत, फ्रीजरमध्ये आहेत, आणि ते हाताळायची पात्रता व सोय असलेल्या शास्त्रज्ञाला ते देता येतील. खरी गंमत त्या कोशाच्या आतल्या चर्चापानावर झाली. त्यांच्याच काही सदस्यांनी ‘साहेब, लेन्स्कींचं बरोबर आहे’ असं म्हटलं. त्यांना बंदी घातली गेली.

बंदी घालायचे नियमही त्यांनी नीट बांधले होते. एक नियम असा की ज्याच्या संपादनांत नव्वद टक्के चर्चा आणि जेमतेम दहा टक्के लेखन असेल तो वादावादी करणारा समजावा. वर रात्री नव्या सदस्यांना संपादनच बंद, कारण पहारा द्यायला माणूस नाही. आता उरले कोण? मनापासून सहमत असलेले थोडे, आणि सहमत असल्याचं सोंग करणारे पुष्कळ. विडंबन करणारे लोक नाव नोंदवून मुद्दाम आणखी कडवं, आणखी हास्यास्पद लिहू लागले, आणि मालकांना ते ओळखता येईना, कारण खरं लेखनही तसंच दिसत होतं. काही विडंबकांनी तर इतका विश्वास कमावला की त्यांना इतरांवर बंदी घालायचे अधिकार मिळाले. ते त्यांनी उरल्यासुरल्या प्रामाणिक लोकांवर वापरले.

तालमीतल्या कुणाही वस्तादाला विचारा, जोड नसलेल्या पैलवानाचं काय होतं. अंगावर मांस चढतं, आरशात तो बरा दिसतो, आणि मैदानात पहिल्या पटात आडवा होतो. कोशातला जोड म्हणजे तो वैतागवाणा माणूस, जो तुमच्या प्रत्येक वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ चिकटवून जातो. विकिपीडिया तटस्थ माणसांनी लिहिला आहे हा गैरसमज आहे. तिथेही एकापेक्षा एक हट्टी बसलेले आहेत. पण त्या हट्ट्यांना एकाच पानावर राहावं लागतं, आणि दोघांनाही मान्य होईल असं वाक्य सापडेपर्यंत चर्चापानावर रक्त आटवावं लागतं.

2016 च्या ऑक्टोबरात आलेल्या इन्फोगॅलॅक्टिकने हे रक्त आटवणंच रद्द करायचं ठरवलं. अतिउजवे लेखक-प्रकाशक व्हॉक्स डे यांचा हा प्रकल्प म्हणजे इंग्रजी विकिपीडियाची पूर्ण नक्कल, आणि वर आश्वासन की प्रत्येक नोंद वस्तुस्थिती, संदर्भ आणि मत अशा तीन थरांत विभागू. वाचकाने आपल्या विचारसरणीप्रमाणे गाळणी लावावी, म्हणजे भांडण नको. कागदावर हुशार कल्पना होती. पण हिशेब मांडा. पन्नास लाख लेख उचलले. समजा नेमाने काम करणारे वीस जण मिळाले. म्हणजे माणशी अडीच लाख लेख. विकिपीडियाकडे महिन्याला लाखाच्या वर नोंदणीकृत संपादक हात लावतात म्हणून गाडा चालतो. इथे ते वीस जण आपापल्या आवडत्या शे-दोनशे वादग्रस्त नोंदी रंगवत बसले. बाकीचे पन्नास लाख लेख 2016 सालीच थांबले. शिवाय संपादन खुलं ठेवलं की जुगार आणि औषधांच्या जाहिराती टाकणारे यंत्रमानव, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, लोंढ्याने येतात. त्यांना आवरायला नोंदणी बंद केली की नवा माणूस येत नाही. छोट्या विकींचा बहुतेक वेळा असाच शेवट होतो, विचारसरणी कुठलीही असो.

इथवरची हकीकत वाचून कुणाला हायसं वाटत असेल तर क्रोएशियाकडे बघावं. तिथल्या जहालांनी वेगळा कोश काढलाच नाही, त्यांनी असलेला ताब्यात घेतला. क्रोएशियन विकिपीडियावर 2010 च्या आगेमागे प्रचालकांच्या, म्हणजे पानं पुसायचे आणि बंदी घालायचे अधिकार असलेल्या सदस्यांच्या, एका छोट्या गटाने पकड बसवली. एकच माणूस अनेक खात्यांतून मतं देई. विरोध करणाऱ्याला क्षुल्लक कारणावरून बंदी. ती उठवण्याची दादही त्याच गटाकडे मागायची. यासेनोवाट्स ही क्रोएशियातल्या नाझीधार्जिण्या उस्ताशा राजवटीची 1941 ते 1945 मधली मृत्युछावणी. तिथल्या स्मारकाच्या यादीत 83,145 बळींची नावं आहेत. त्या छावणीची नोंद ‘संकलन आणि श्रम छावणी’ या वळणाने लिहिलेली होती. एक शब्द बदलला, बाकी तारखा, नकाशा, सगळं जागच्या जागी. सप्टेंबर 2013 मध्ये क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांवर विद्यार्थ्यांना ‘हा विकिपीडिया वापरू नका’ असं सांगायची वेळ आली. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला तो 2021 मध्ये. मधली आठ वर्षं शाळकरी पोरं गृहपाठ तिथूनच उतरवत होती.

पकड बसायचं कारण अहवाल वाचण्याआधीही दिसत होतं. सर्बो-क्रोएशियन, क्रोएशियन, सर्बियन आणि बोस्नियन, एकमेकांना सहज कळणाऱ्या भाषांचे चार वेगळे विकिपीडिया. ज्याचं पटलं नाही तो शेजारच्या विकीत गेला. इंग्रजी विकिपीडियावर सर्ब आणि क्रोएट एकाच पानावर झगडतात, त्यामुळे ते पान दोघांनाही थोडं थोडं कडू लागतं. इथे प्रत्येकाला आपापलं गोड पान मिळालं.

मोठ्या विकीवर असं होतच नाही असं नाही. वॉर्सातल्या नाझी छावणीत वायुकक्षात दोन लाख पोलिश लोक मारले गेले, ही खोटी हकीकत इंग्रजी विकिपीडियावर पंधरा वर्षं होती. 2019 मध्ये इस्रायली वृत्तपत्र ‘हारेत्झ’ने ती बाहेर काढली. फरक एवढाच की ती कुणी, कधी, कुठल्या वाक्यात घातली हे पानाच्या इतिहासात शोधता आलं.

ताजे दोन अवतार सरकार आणि श्रीमंतीच्या बळावर आले. रशियात रुविकी 2023 मध्ये चाचणीपुरता आणि 2024 च्या जानेवारीत पूर्णपणे सुरू झाला. रशियन विकिपीडियाची नक्कल, युक्रेनयुद्धासारख्या विषयांवर सरकारी चौकटीत बसवलेली, आणि तिचे सूत्रधार रशियातल्या विकिमीडिया संघटनेचेच माजी संचालक. मस्क यांच्या एक्सएआय कंपनीचा ग्रोकिपीडिया 27 ऑक्टोबर 2025 ला आठ लाखांहून जास्त नोंदी घेऊन आला. काही नोंदी विकिपीडियावरून जशाच्या तशा, बाकी यंत्राने लिहिलेल्या. त्यात स्टॉर्मफ्रंट या वंशवादी संकेतस्थळाचेही दाखले असल्याचं संशोधकांनी लवकरच दाखवलं. इन्फोगॅलॅक्टिकचा माणशी अडीच लाखांचा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण इथे माणूसच नाही. म्हणून या प्रकारच्या कोशाला मी मेटापीडियापेक्षा जास्त घाबरतो. माणसं थकतात, ते यंत्र थकणार नाही.

आता घराकडे. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून आहे, लेख लाखाच्या घरात, आणि नेमाने काम करणारे प्रचालक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. क्रोएशियनपेक्षा आपली भाषा बोलणारे कितीतरी पट जास्त, पण पहारा तेवढाच विरळ. तिथली बोली मात्र झकास आहे: गावकीच्या चर्चेच्या पानाचं नाव ‘चावडी’, सरावासाठी ‘धूळपाटी’, यंत्रमानवाला ‘सांगकाम्या’, नासधूस करणाऱ्या बदलाला ‘उत्पात’. उत्पात बहुतेक वेळा बालिश असतो आणि तासाभरात उलटवला जातो. अवघड असतं ते सभ्य भाषेतलं, संदर्भासकट घातलेलं एक वाक्य, आणि इतिहासाच्या पानांवर तसलीच वाक्यं जास्त येतात.

कोल्हापूरकरांनी एक पान उघडून बघावं, पन्हाळा म्हणा, विशाळगड म्हणा किंवा संभाजी. या शेवटच्या नावाखाली तर गादीवर बसलेले दोघे आहेत, एक शंभूराजे आणि दुसरे राजसबाईंचे चिरंजीव, करवीरच्या गादीवरचे, ज्यांचा सातारच्या शाहूंशी 1731 मध्ये वारणेचा तह झाला. त्यांच्या घटना एकमेकांच्या पानात मिसळणं सहज शक्य आहे. वर ‘इतिहास पहा’ असं असतं, ते दाबा. प्रत्येक ओळीत तारीख, सदस्याचं नाव आणि कंसात अधिक-उणे आकडा दिसेल. तो बदललेल्या बाइट्सचा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून +300 म्हणजे शंभरेक चिन्हं, एक लांबसं वाक्य. मोठ्या उणे आकड्यांकडे आधी बघा, कारण घातलेलं सगळ्यांना दिसतं, काढलेलं दिसत नाही. दोन आवृत्त्यांपुढचे गोल निवडून तुलना केली की नेमका शब्द रंगवून समोर येतो. मग त्या सदस्याच्या नावावरून त्याचं ‘योगदान’ उघडा. शेतीपासून सिनेमापर्यंत लिहिणारा असेल तर एक गोष्ट, आणि चार पानांवर एकच विशेषण पेरत फिरणारा असेल तर दुसरी. शेवटी संदर्भाच्या आकड्यावर जा आणि पुस्तकाचं पान दिलंय का बघा. नुसतं ‘बखर’ किंवा नुसतं पुस्तकाचं नाव असेल तर तो संदर्भ नव्हे. पान दिलं असेल तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन ते पुस्तक काढून बघता येतं, आणि त्या पानावर तसं काहीच नसेल तर चर्चापानावर तेवढंच लिहायचं: आवृत्ती, वर्ष, पान क्रमांक, आणि तिथे प्रत्यक्षात काय आहे. थेट खोडायला जाऊ नये. खोडलं की समोरचा उलटवतो, मग तुम्ही उलटवता, आणि चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा झालं की मोठ्या विकींवर बंदी येऊ शकते, मग बाजू तुमची खरी असली तरी.

फेब्रुवारी 2025 मध्ये संभाजी महाराजांच्या इंग्रजी पानावरून महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस काढली, पुढे काही संपादकांवर गुन्हेही दाखल झाले. संताप समजण्यासारखा आहे. पण संपादकाला फौजदारीची भीती बसली की आधी पळतो तो संदर्भ तपासणारा माणूस, कारण त्याला नोकरी असते, घर असतं. टोपणनावाने विशेषणं पेरणारा दुसरं खातं काढतो.

‘चर्चा’ हा रकाना पानाच्या वरच असतो. तो निळा असेल तर तिथे कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय. लाल असेल तर त्या पानाबद्दल आजवर कुणीही कुणाला एक शब्द विचारलेला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या गड, देवस्थानं आणि संस्थानिकांची पानं उघडत गेलात तर लालच जास्त भेटतील. त्यातल्या कुठल्याही एकावर प्रश्न टाकायला खातं उघडावंच लागतं असंही नाही.